फळ्यावर ७.३०, गाणं ८.४५ ला: छोट्या ऑर्केस्ट्राचं गणित

गणपतीत सोसायटीच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं, 'संध्याकाळी ७.३० वाजता सुमधुर गीतांचा कार्यक्रम'. कार्यक्रम करणाऱ्याने ते '८.४५ ते १०' असं वाचायचं. साडेसातला आरती सुरू होते. पाच आरत्या, मंत्रपुष्पांजली, प्रसादाची रांग. मग दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार, देणगीदारांना शाल-श्रीफळ, अध्यक्षांचे 'दोन शब्द'. माईक आपला, स्टेज आपलं आणि खर्च होणारी वेळही आपलीच.

दहाला मात्र थांबावंच लागतं. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासुदीसाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ रात्री १२ पर्यंत वाढवायचा अधिकार राज्य सरकारला आहे. म्हणून सुपारी घेताना तारीख कळली की पुढचा प्रश्न हाच: त्या दिवशी बाराची सूट आहे का? आणि ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी कोणाच्या नावावर आहे, तिची प्रत स्टेजजवळ असणार आहे का? पोलीस आले की मंडळाचे कार्यकर्ते कुठे असतात ते गणपतीलाच ठाऊक. सापडतो तो मिक्सरवर बसलेला माणूस.

आवाजाचंही तसंच. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. कार्यक्रमाच्या जागेच्या हद्दीवर मोजलेला आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतलं जे कमी असेल त्याच्या आत हवा. म्हणजे सोसायटीच्या फाटकापाशी ६५. ढोलकी नुसती हाताने वाजवली तरी जवळ उभ्या माणसाला याच्या कितीतरी पट ऐकू येते. त्यामुळे दोन मोठे स्पीकर रस्त्याकडे तोंड करून लावण्यापेक्षा चार लहान स्पीकर बसलेल्या लोकांकडे, किंचित खाली झुकवून लावावेत. गाणं जास्त स्पष्ट ऐकू येतं आणि शेजारच्या इमारतीतून पोलिसांना फोनही जात नाही.

छोटा ऑर्केस्ट्रा म्हणजे इथे एक कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य), एक ढोलकी-ढोलकवाला, गायक, गायिका, जमलं तर बेस गिटार आणि निवेदक. सहा-सात माणसं, एका गाडीत मावणारी. निवेदनासकट एका गाण्याला पाच मिनिटं धरली तर ७५ मिनिटांत पंधरा गाणी होतात. यादी २२ गाण्यांची असते आणि पहिली चूक तिथेच होते. सगळ्यात जमलेली लावणी शेवटी ठेवतात आणि ती दहाच्या तोंडी जाते. माझ्या मते हुकमी गाणं चौथ्या नंबरला हवं. पहिलं गाणं साउंडवाल्याचं असतं, तो त्यात आवाज लावून घेतो. दुसऱ्या गाण्यापर्यंत लोक खुर्च्या सरकवत असतात, तिसऱ्याला मान वर करतात. चौथ्याला त्यांना धरलं नाही तर पाचव्याला निम्मे लोक प्रसादाचा शिरा संपवून घरी.

यादीचे तीन ढीग करावेत: आठ गाणी पक्की, सहा वेळ असेल तर, चार फर्माईश आणि वन्स मोअरसाठी राखीव. समारोपाचं गाणं या ढिगांत नसतं. घड्याळात ९.५० झाले की काहीही चालू असो, पुढचं तेच. हा इशारा निवेदकाने द्यायचा, कारण स्टेजवर घड्याळाकडे बघायला मोकळा असणारा तो एकटाच.

प्रत्येक गाण्यापुढे तीन गोष्टी लिहिलेल्या हव्यात: पट्टी (पेटीच्या कुठल्या स्वराला सा धरायचा ते), ऑक्टोपॅडचा पॅच नंबर (त्यात साठवलेल्या आवाजांच्या संचाचा क्रमांक) आणि ठेका. गायकाची पट्टी काळी एक आणि गायिकेची काळी चार असेल तर सोलो गाण्यांना अडचण येत नाही, द्वंद्वगीतात कुणाला तरी वाकावं लागतं. तो निर्णय तालमीत व्हावा, स्टेजवर नजरेने होत नाही. कीबोर्डवाले बहुतेक सगळं दोन-तीन सवयीच्या पट्ट्यांत वाजवून ट्रान्सपोजचं, म्हणजे बोटं तिथेच ठेवून ऐकू येणारी पट्टी बदलणारं, बटण वापरतात. त्यात गैर काही नाही. गोची होते ती आधीच्या गाण्याचा '+३' तसाच राहिला की. गायिका पहिला सूर लावते आणि तीन अर्धस्वर वर कुठेतरी लोंबकळत राहते. म्हणून वहीत बोटांची पट्टी आणि ऐकू येणारी पट्टी दोन्ही लिहाव्यात, आणि प्रत्येक गाण्यानंतर ट्रान्सपोज शून्यावर आणायची सवय लावून घ्यावी, गरज असो वा नसो.

एका पट्टीतली दोन-तीन गाणी सलग ठेवण्याचं खरं कारण ढोलकी आहे. तिची शाई एका स्वराला लावलेली असते. पट्टी बदलली की सूर भांडतो, आणि सामान्य श्रोत्याला कारण सांगता आलं नाही तरी काहीतरी खटकतं. जाणता ढोलकीवाला दोन ढोलक्या आणतो: एक लावणीसाठी चढी, एक उतरलेली. पण भाद्रपदात हवा दमट. कातडं ओल धरतं, सैल पडतं आणि स्वर अर्ध्या-एक स्वराने खाली येतो. मग कुणीतरी ती हॅलोजनपुढे धरतं. तापून ती चढते आणि स्टेजच्या दिव्यांखाली आणखी चढते. दुसऱ्या गाण्याला ती कीबोर्डच्या वर पळालेली असते. पोचल्या पोचल्या ढोलकी लावू नये. ज्या जागी वाजायची आहे तिथे, दिवे लावलेल्या स्टेजवर, वीस मिनिटं ठेवून मग लावावी. वातानुकूलित हॉलमध्ये उलटं होतं: कोरड्या हवेत ती आवळते. बोल्टची ढोलकी असेल तर समोरासमोरचे बोल्ट पाव-पाव फेऱ्याने आवळत जायचं. एकच बोल्ट पिळला तर पुडी (ढोलकीच्या तोंडावरचं कातडं) एका बाजूने ओढली जाते आणि ठोक्याला दोन स्वर येतात. आणि ढोलकीवर पेडेस्टल फॅन रोखायचा नाही. वादकाला घाम आला तर येऊ दे.

आता वीज. कार्यक्रम वाजवण्यामुळे पडत नाही तितका विजेमुळे पडतो, आणि तरीही बहुतेक ऑर्केस्ट्रांच्या पेटीत मल्टिमीटर (विजेचा दाब मोजायचं यंत्र) नसतो. चार-पाचशे रुपयांची ती वस्तू लाखाचं सामान वाचवते. बोर्डात काहीही खुपसण्याआधी तीन मोजण्या करायच्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये २२० ते २४० व्होल्ट यायला हवेत. फेज आणि अर्थ (जमिनीला जोडलेली तार) यांमध्ये जवळपास तेवढेच. तिथे ८० किंवा १०० दिसले, आकडा नाचत राहिला, तर अर्थिंग नाही असं समजायचं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर नको. हे सगळं मंडपाची रोषणाई चालू असताना मोजायचं. दुपारी चार वाजता मोजलेल्या आकड्याचा उपयोग नाही, कारण रात्री माळा पेटल्यावर तोच आकडा १९० वर येतो.

सगळ्यात घातक म्हणजे जनरेटरचा किंवा मंडपाच्या थ्री-फेज जोडणीचा न्यूट्रल सैल असणं. न्यूट्रल सुटला की तिन्ही फेज आपापला भार आपसांत वाटून घेतात. ज्या फेजवर भार कमी तिथला दाब वाढतो, तीनशेच्याही वर जातो. रोषणाई दोन फेजवर आणि ऑर्केस्ट्रा तिसऱ्यावर असेल तर कमी भार आपलाच, म्हणजे मरण आपलंच. खूण अशी: काही दिवे एकदम झगझगीत, काही मंद, पंखा अचानक जोरात. कारण शोधत बसायचं नाही, आधी प्लग उपटायचा.

कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडसाठी संगणकाचा साधा ६०० व्हीए यूपीएस पुरतो. दोघांना मिळून फारच थोडे वॉट लागतात. लाईट जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात कीबोर्ड बंद पडत नाही, पॅच आणि ट्रान्सपोज जागेवर राहतात. ढोलकी आणि कीबोर्ड हळू आवाजात वाजत राहिले तर लोक टाळ्या वाजवून साथ देतात. त्या यूपीएसवर अॅम्प्लिफायर मात्र लावू नये, यूपीएस क्षणात बंद पडतो.

अॅडॉप्टरवर नावं लिहावीत. रोलँडचा ९ व्होल्टचा आणि यामाहाचा १२ व्होल्टचा यांच्या पिना अंधारात सारख्याच लागतात, पण रोलँडच्यात सहसा मधला भाग ऋण असतो, यामाहाच्यात धन. घाईत अदलाबदल झाली की एक वाद्य दुरुस्तीला जातं. रंगीत चिकटपट्टी लावा: लाल कीबोर्ड, पिवळी ऑक्टोपॅड. पाच रुपयांचं काम.

मग 'घूंऽऽ' असा आवाज येतो. त्यावर सर्वत्र केला जाणारा इलाज म्हणजे थ्री-पिनची वरची जाड पिन काढून टाकणं. हा इलाज नव्हे, जिवाशी खेळ आहे. गायिकेचे ओठ माईकच्या जाळीला लागतात, गिटारवाल्याची बोटं तारांवर असतात. एका बाजूला अर्थिंग नसेल तर माईक आणि वाद्य यांच्या मधला रस्ता म्हणजे माणूस. घूं येण्याचं नेहमीचं कारण असं की स्टेज एका बोर्डावर, मिक्सर मागे दुसऱ्या बोर्डावर, आणि दोन्हींच्या अर्थिंगमध्ये फरक. सगळं एकाच बोर्डावरून ओढा. ते शक्य नसेल तर कीबोर्ड डीआय बॉक्समधून (वाद्याचा सिग्नल माईकच्या वायरीतून लांब नेण्याजोगा करणारी डबी) न्या आणि त्यावरची ग्राउंड लिफ्टची, म्हणजे फक्त सिग्नलच्या वायरीतली अर्थची जोडणी तोडणारी, कळ दाबा. तसंही साधी पी-३८ ची (गिटारला लावतात त्या जाड पिनेची) वायर पाच-सहा मीटरपेक्षा लांब नेऊ नये, ती वाटेतला सगळा कचरा उचलते. कीबोर्डपासून डीआयपर्यंत छोटी पी-३८, तिथून मिक्सरपर्यंत कॅननची (माईकला असते ती तीन पिनांची, एक्सएलआर). मंडळाच्या साउंडवाल्याकडे डीआय नसतोच असं धरून चाला आणि स्वतःचे दोन न्या. पिकअपवाल्या गिटारला चालू विजेचा, म्हणजे अॅक्टिव्ह डीआय बरा. कीबोर्डला साधा पॅसिव्ह पुरतो.

मायनस ट्रॅकवर, म्हणजे गायकाचा आवाज काढलेल्या तयार संगीतावर, नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. सहा माणसांत व्हायोलिनचा ताफा आणायचा कुठून? ट्रॅक वापरा, फक्त नीट जोडा. लॅपटॉपच्या किंवा मोबाईलच्या ईपीतून (इअरफोनच्या भोकातून) निघणारी स्टिरिओ वायर पुढे तीन भागांची एकच मोठी पिन लावून मिक्सरच्या एका चॅनलमध्ये घातली, की ट्रॅक पोकळ होतो. बासरी, कोरस लांबून ऐकू येतात, पण बेस आणि ढोलक गायब. ट्रॅक बिघडलेला नसतो. मिक्सर त्या पिनेकडे बॅलन्स्ड (एकच आवाज सुलट-उलट अशा दोन तारांतून आणणारा) सिग्नल म्हणून बघतो आणि डाव्यातून उजवं वजा करतो, म्हणून दोन्हींत सारखं असलेलं सगळं पुसलं जातं. आणि ठेका नेमका मधोमध असतो. एका ईपीतून दोन वेगळ्या पी-३८ निघणारी वाय वायर घ्या आणि दोन चॅनल वापरा. मोबाईल फ्लाइट मोडवर टाका. मुखड्यात कुणाच्या तरी आत्याचा फोन आला तर कार्यक्रमाचं तेवढंच लोकांच्या लक्षात राहतं.

ट्रॅक ढोलकीवाल्याच्या मॉनिटरमध्ये (कलाकारांना ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेला स्पीकर) गायकाच्या आवाजापेक्षा मोठा हवा. आवाज मीटरला साधारण तीन मिलिसेकंद घेतो. मुख्य स्पीकर दहा मीटर लांब असेल आणि ढोलकीवाला त्याच्यावरच अवलंबून असेल, तर प्रत्येक ठोका तीसेक मिलिसेकंद मागे पडतो. ढोलकीवाला लय सोडतोय असं वाटतं, प्रत्यक्षात तो बिचारा जे ऐकतोय त्याच्याशी प्रामाणिक असतो.

शिट्टी. साउंडवाल्याला शिव्या घालण्याआधी माईक कसा धरलाय ते बघा. एसएम ५८ सारखा माईक समोरून ऐकतो आणि पाठीमागे बहिरा असतो. तो बहिरेपणा जाळीखालच्या फटींमुळे येतो. जाळीवर मूठ आवळली की फटी बुजतात, माईक चहूबाजूंनी ऐकू लागतो आणि शिट्टी सुरू. नवखे गायक हे हमखास करतात, त्यातून 'मोठा आवाज' मिळतो असं त्यांना वाटतं. मॉनिटर माईकच्या बरोबर मागे, गायकाच्या पायाशी ठेवा. आणि गायकाने माईक खाली सोडताना त्याचं तोंड मॉनिटरकडे करायचं नाही. निवेदकाला हे वेगळं सांगावं लागतं, कारण तो टाळ्या वाजवताना माईक काखेत धरतो.

लोक यायच्या आधी दहा मिनिटं मिळाली तर माईक जागेवर उभे करून मॉनिटरचा आवाज हळूहळू वाढवा. पहिली शिट्टी येईल तो स्वर इक्वलायझरवर तीन-चार डेसिबल खाली घ्या. पुन्हा वाढवा, दुसरी शोधा. दोन-तीन स्वरांवर थांबा. सगळ्याच पट्ट्या खाली ओढत गेलात तर मग नुसता आवाज कमी केल्यासारखंच होतं. पत्र्याच्या छताच्या मंगल कार्यालयात आवाज घुमतो. तिथे एको जवळजवळ बंद ठेवा, भिंती फुकटात देतात.

कॉर्डलेस माईकला दर कार्यक्रमाला नवे सेल घाला. निघालेले सेल घरच्या घड्याळात अजून वर्षभर चालतात.

हळदीचा कार्यक्रम ही वेगळीच जात. रायगड-ठाण्याकडच्या आगरी-कोळी भागात हळदीची रात्र लग्नाच्या दिवसापेक्षा मोठी असते. तिथे यादी फाडून टाकावी. निवेदन नको, दोन गाण्यांत खंड नको. सहाच्या ठेक्यातली चार-पाच कोळीगीतं एकाच लयीत ओवून वीस मिनिटांची माळ करायची आणि ऑक्टोपॅडवाल्याने ती एका क्षणासाठीही तुटू द्यायची नाही. नाचणारे दमले की तेच थांबतात. छोट्या चमूचा खरा फायदा इथे कळतो. नवरदेवाला खांद्यावर घेतलं की नजरेच्या एका इशाऱ्यावर मुखडा आणखी चार वेळा फिरवता येतो, ढोलकीला सोळा मात्रा मोकळ्या सोडता येतात. कागद बघून वाजवणाऱ्या तीस जणांच्या वाद्यवृंदाला हे जमत नाही. तोट्याची बाजू म्हणजे 'एक गाणं माझंही' म्हणणारे मामा. त्यांना नाही म्हणू नये. एक साधा वायरचा माईक त्यांच्यासाठी वेगळा ठेवावा आणि मॉनिटरमधून काढून टाकावा. गायिकेचा माईक त्यांच्या हाती जाऊ देऊ नये. उधळलेल्या नोटा वादकांनी वाजवता वाजवता वेचू नयेत, शेवटी एकाने गोळा करून समान वाटाव्यात. यावरून फुटलेले ऑर्केस्ट्रा कमी नाहीत.

पैशाचं सरळ गणित. समजा सुपारी ३०,००० ची. सात जणांची नाईट (एका कार्यक्रमाचं मानधन) ३,००० प्रमाणे २१,०००, गाडी-डिझेल-टोल ३,०००, वाटेतलं जेवण-चहा १,२००. उरले ४,८००. त्यात तालमीची जागा, वायरी, सेल, ढोलकीची नवी पुडी. याच आकड्यात 'साउंड पण तुमचाच ना?' असं घुसलं तर खिशातून जातात. साउंडचा भाव वेगळा सांगा, वेगळा लिहा. निम्मे पैसे विसार म्हणून तारीख ठरवतानाच, उरलेले शेवटच्या गाण्याआधी, मध्यंतरात. कार्यक्रम संपल्यावर खजिनदार सापडत नाहीत, हे कोकणापासून विदर्भापर्यंत समान आहे. पाऊस, वीज किंवा परवानगीमुळे रद्द झालं तर विसाराचं काय, हे एका ओळीत व्हॉट्सअॅपवर तरी असू द्या.

गाण्यांच्या हक्कांचं परवानापत्र आयोजकाची जबाबदारी, हेही त्याच ओळीखाली. लग्न आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांना कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडए) मध्ये सूट आहे. तिकीट लावलेल्या कार्यक्रमाला ती लागू नाही. प्रत्यक्ष वाजवलेल्या गाण्याचे शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे, वाजवलेल्या ध्वनिमुद्रणाचे वेगळे. मायनस ट्रॅक असेल तर हा दुसरा प्रश्नही येतो.

दहा वाजले, टाळ्या झाल्या, लोक स्टेजवर सेल्फीला चढले, की सामान हरवायला सुरुवात होते. सगळ्यात आधी कॉर्डलेस माईक आणि अॅडॉप्टर पेटीत, ट्रान्समीटरमधले सेल बाहेर. दोरीची ढोलकी असेल तर कड्या सैल करून मग पिशवीत. आवळलेलं कातडं तसंच गाडीत ठेवलं तर तडकू शकतं. वायरी कोपराला गुंडाळू नका, आतली जाळी पिळवटून पिनेपाशी तुटते. एक वेढा सरळ, एक उलटा, वर वेल्क्रोची पट्टी. जी वायर आज खरखरली तिला तिथेच गाठ मारायची, म्हणजे उद्याच्या मंडपात तीच पुन्हा हाताला लागणार नाही.